हमाल: रोमानियन आणि आपला

रोमानियन भाषेत एक शब्द आहे, ‘हमाल’. त्याचा अर्थ हमाल.

भाषांतराचं काम इथेच संपलं असं वाटेल. पण थोडं थांबून बघा. रोमानियन ही लॅटिनची लेक. इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश तिच्या बहिणी. पुण्यापासून हजारो किलोमीटर दूर, डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने बोलली जाणारी ही भाषा. तिचं मराठीशी रोटी-बेटीचं नातं नाही, राज्याचं नाही, थेट व्यापाराचंही सांगण्यासारखं नाही. तरीही डॅन्यूबवरच्या ब्राईला बंदरात पाठीवर धान्याची पोती वाहणाऱ्या माणसाचं नाव आणि पुण्याच्या भवानी पेठेत तेच काम करणाऱ्या माणसाचं नाव एकच. उच्चारही जवळजवळ तोच, जोर फक्त ‘मा’वर.

मी मुळशी तालुक्यातल्या भरे गावचा. आमच्याकडे हा शब्द दोन तऱ्हांनी कानावर पडतो. पिरंगुट-घोटवड्याच्या पट्ट्यात कारखाने आहेत, गोदामं आहेत. माल आला की ‘गाडी खाली करायला हमाल बघा’ अशी हाक जाते. आणि त्याच तालुक्यातल्या हिंजवडीतून रात्री उशिरा घरी आलेला पोरगा लॅपटॉपची बॅग खाली टाकत म्हणतो, ‘दिवसभर नुसती हमाली केली.’ पहिल्याने खरोखर पोतं उचललेलं असतं. दुसऱ्याने वीस किलोसुद्धा उचललेलं नसतं, पण शब्द दोघांनाही चालतो.

गंमत म्हणजे रोमानियनमध्येही असंच आहे. हमालाच्या कामाला तिथे ‘हमालिक’ असा शब्द आहे. त्याचा पहिला अर्थ ओझी वाहण्याचं काम आणि दुसरा अर्थ जीव काढणारं, डोकं न लागणारं, मोबदला न मिळणारं काम. ग्रीकमध्येही ‘हमालिकी’ त्याच अर्थाने म्हणतात. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी एकाच शब्दाला एकच तक्रार चिकटवली.

ह, म, ल

शब्द मूळचा अरबी. अरबीत बरेचसे शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. ह-म-ल म्हणजे वाहणं, उचलून नेणं. त्यापासून ‘हामिल’ म्हणजे वाहणारा. पण मधल्या व्यंजनाचं द्वित्त केलं की अर्थ बदलतो. जो ते काम सतत करतो, ज्याचा तो धंदाच आहे, तो ‘हम्माल’. एखाद्या वेळी कोणीही हामिल होतो. हम्माल मात्र आयुष्यभर असतो.

याच साच्यातून निघालेले शब्द मराठी बाजारात गर्दी करून आहेत. दल्लाल, सर्राफ, बक्काल, हज्जाम, जल्लाद. आपण त्यांचं द्वित्त गाळलं आणि दलाल, सराफ, बकाल, हजाम करून टाकले. ‘हमला’ हा शब्दही याच धातूचा. उर्दूत गर्भवतीला ‘हामिला’ म्हणतात, तीही याच घरातली. ओझं कोणतं, ते वाहणाऱ्यावर अवलंबून.

रोमानियनच्या बाजारातही हीच मंडळी भेटतात. सराफ तिथे ‘झाराफ’ झाला. बकाल ‘बकान’ झाला, म्हणजे किराणा दुकानदार. दलाल ‘तेलाल’ झाला आणि जुने कपडे, जुनं सामान विकू लागला. हमालाला मात्र कोणी हात लावला नाही.

एकदा लक्ष गेलं की असे शब्द सापडतच जातात. ‘दुश्मन’ तिथेही दुश्मन. मराठीतला ‘कैफ’ तिथे ‘केफ’, म्हणजे मजा करायची लहर. ‘खबर’चं ‘हबार’, पण ते बहुतेक नकारातच येतं: मला त्याची खबर नाही. ‘बक्षीस’ तिथे ‘बक्शीश’, म्हणजे वेटरला ठेवलेली चिल्लर. आणि ‘हाल’. अरबीत हाल म्हणजे फक्त स्थिती, चांगली किंवा वाईट. मराठीत हाल म्हणजे वाईटच स्थिती: ‘काय हाल झाले बिचाऱ्याचे!’ रोमानियनमध्येही ‘हाल’ म्हणजे वाईटच. दोन्हीकडच्या लोकांना चांगल्या स्थितीसाठी या शब्दाची गरज पडली नसावी.

दोन वाटा

मराठीत हे शब्द फारसीच्या खांद्यावर बसून आले. १३४७ मध्ये दख्खनेत बहमनी राज्य उभं राहिलं. पुढे निजामशाही, आदिलशाही आली. दरबाराची आणि दफ्तराची भाषा फारसी होती, आणि फारसीच्या पोटात अरबी शब्दांचा मोठा साठा होता. कागद, हुकूम, जमीन, वसूल असे शब्द दफ्तरातून गावात उतरले.

रोमानियात ते तुर्कीतून आले. वालाकिया आणि मोल्दाविया ही तिथली दोन संस्थानं ऑटोमन सुलतानाला खंडणी देत. अठराव्या शतकात इस्तंबूलच्या मर्जीतले ग्रीक सरदार तिथे राज्यकर्ते म्हणून नेमले जाऊ लागले. हा काळ १८२१ पर्यंत चालला. पोशाख, पदार्थ, पदं, बाजार, सगळ्यावर तुर्कीची छाप पडली. म्हणजे अरबी हमाल पूर्वेला फारसीबरोबर सह्याद्रीपर्यंत आला आणि पश्चिमेला तुर्कीबरोबर डॅन्यूबपर्यंत गेला.

पुढची गोष्ट दोन्हीकडे आणखी सारखी आहे. परके शब्द काढून टाकण्याची मोहीम दोन्हीकडे झाली. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. १९२० च्या दशकात सावरकरांनी भाषाशुद्धी पुन्हा हाती घेतली आणि दिनांक, महापौर असे शब्द रुळले. रोमानियाने एकोणिसाव्या शतकात स्वातंत्र्याबरोबर आपलं लॅटिन मूळ नव्याने शोधलं. १८६० च्या सुमारास लिपीसुद्धा बदलली, सिरिलिक सोडून रोमन घेतली. फ्रेंच आणि इटालियनमधून नवे शब्द उचलले.

अशा मोहिमांत मानाच्या जागांवरचे शब्द आधी बदलतात. राजा, मंत्री, न्यायालय, सैन्य यांना नवी नावं मिळतात. हमालासाठी नवं नाव शोधायला कोणी रात्र जागवत नाही. तो शब्द तसाच राहतो. पण त्याच्या आसपासचे शब्द उजळले की तो आणखी मळका दिसू लागतो. रोमानियनमध्ये अनेक तुर्की शब्दांचं असंच झालं. ते टिकले, पण त्यांच्या स्वरात थट्टा आली, तुच्छता आली.

ब्राईलाचा हमाल

ब्राईला हे बंदर १८२९ पर्यंत तुर्कांच्या ताब्यात होतं. त्या वर्षीच्या एड्रियानोपलच्या तहाने ते वालाकियाला मिळालं आणि डॅन्यूबवरचा धान्यव्यापार खुला झाला. रोमानियाच्या मैदानातला गहू या बंदरातून युरोपभर जाऊ लागला. क्रेन नव्हत्या. जहाज आणि धक्का यांच्यात एक फळी आणि तिच्यावरून जा-ये करणारी माणसं, एवढीच यंत्रणा.

पनाईत इस्त्राती हा लेखक याच गावात १८८४ मध्ये जन्मला. पडेल ती कामं करत वाढला आणि पुढे फ्रेंचमधून लिहून युरोपात गाजला. त्याच्या ब्राईलात रोमानियन, ग्रीक, तुर्क, आर्मेनियन, सगळेच आहेत. अशा मिश्र वस्तीत सगळ्यांना कळणारा शब्द टिकतो.

मग बंदर आधुनिक झालं आणि कामगाराला ‘डोकेर’ हे नवं नाव मिळालं. आज तिथल्या नोकरीच्या जाहिरातीत ‘माल हाताळणारा’ अशा अर्थाचं पदनाम असतं. हमाल हा शब्द भाषेत उरला, पण त्याच्या वाट्याला एक शिवीवजा अर्थ आला: रांगडा, असंस्कृत माणूस. काम नव्या नावाकडे गेलं आणि अपमान जुन्या नावाकडे राहिला.

इथून पुढे मराठीची गोष्ट वेगळी होते. त्यासाठीच मला हा शब्द लिहिण्यासारखा वाटला.

वेठ आणि हमाली

ओझं वाहणं मराठी मुलखाला नवं नव्हतं. भारा होता, चुंबळ होती, पालखीचे भोई होते. आणि वेठ होती. सरकारी माणूस गावात आला की त्याचं सामान पुढच्या गावापर्यंत पोचवायचं, तेही फुकट. ज्याची जात आणि ऐपत कमी, त्याच्या पाठीवर वेठ आधी. ‘वेठीला धरणं’ हा वाक्प्रचार आपण आज संपाच्या बातमीत वापरतो. त्याच्या मागे ही फुकटची ओझी आहेत.

हमाली हा शब्द या बाबतीत वेगळा आहे. मराठीत हमाली म्हणजे काम आणि हमाली म्हणजे त्या कामाचे पैसेसुद्धा. ‘हमाली किती झाली?’ असं आपण विचारतो. ‘वेठ किती झाली?’ असं कोणी विचारत नाही, कारण तिथे हिशेबच नाही. हमाली हलकी मानली गेली, पण तिला भाव होता. आणि ज्याला भाव आहे, त्याचा भाव वाढवून मागता येतो.

पुण्यात तो मागितला गेला. नाना पेठ आणि भवानी पेठ ही तेव्हा घाऊक व्यापाराची जागा. बाबा आढाव यांचा जन्म १९३० चा, व्यवसाय डॉक्टरचा, दवाखाना नाना पेठेत. दवाखान्यात येणाऱ्या हमालाला औषध देता येतं, पण पोत्याचं वजन औषधाने कमी होत नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यावर हमाल पंचायत उभी राहिली.

नाव नीट वाचा. हमाल पंचायत. ‘श्रमिक’ नाही, ‘भारवाहक’ नाही. ज्या शब्दाने हाक मारून हलकं केलं जात होतं तोच शब्द पाटीवर लावला आणि त्याच्यापुढे पंचायत हा गावातल्या अधिकाराचा शब्द जोडला.

पुढे १९७४ मध्ये पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. अंगमेहनत करणाऱ्याला परवडेल अशा दरात पोटभर जेवण. भाकरी थापायला आणि वाढायला कष्टकरी घरांतल्या बायकांना कामही मिळालं. हमालांची घरं, पतपेढी, मुलांची शाळा, असं एकेक उभं राहिलं.

पोत्याचं वजन

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पोत्याची गोष्ट. जुने हमाल शंभर किलोच्या पोत्याबद्दल बोलतात. एक क्विंटल, एका पाठीवर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये माणसाने उचलायच्या वजनाबद्दल करार केला. त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा आकडा आहे. त्याहून जास्त वजन चालत असेल तर ते कमी करण्याचे उपाय करावेत, असं ती सांगते. म्हणजे आपल्या बाजारातलं पोतं या आकड्याच्या जवळपास दुप्पट होतं.

महाराष्ट्रातल्या हमालांनी पन्नास किलोच्या पोत्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. गणित साधं आहे. दहा टनांचा ट्रक म्हणजे शंभर किलोची शंभर पोती किंवा पन्नास किलोची दोनशे. टोळीने वाहिलेलं एकूण वजन तेवढंच राहतं. खेपा दुप्पट होतात. पण प्रत्येक खेपेला मणक्यावर येणारा भार निम्मा होतो, आणि माणूस चाळिशीत निकामी होण्याऐवजी साठीपर्यंत चालतो. शब्दकोशात ‘हमाल’ या शब्दापुढचा अर्थ याने बदलला नाही. ज्याला तो शब्द लागू होतो त्याचं आयुष्य बदललं.

दरम्यान १९६९ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. त्याचं नाव महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम. मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांत अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्या नेत्यांनी उभी केलेली माथाडी चळवळ यामागे होती. माथाडी म्हणजे माथ्यावर ओझं घेणारा, अस्सल मराठी शब्द. कायद्याच्या नावात तो आणि अरबस्तानातून आलेला हमाल शेजारी शेजारी बसले.

कायद्याची युक्तीही समजून घेण्यासारखी आहे. हमालाला एक मालक नसतो. सकाळी या दुकानाची गाडी, दुपारी त्या दुकानाची. मग भविष्यनिर्वाह निधी कोण भरणार? कायद्याने मध्ये मंडळ आणलं. कामगाराची नोंद मंडळात, मालकाची नोंदही मंडळात. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे भरायची. मंडळ त्यातून पगार, निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधोपचार बघतं. ‘याचा मालक कोण’ या न सुटणाऱ्या प्रश्नाला बगल देऊन हक्क पोचवण्याचा हा मार्ग होता.

पट्टीतली एक ओळ

हे सगळं पेठेत झालं, पण त्याची एक ओळ भरेसारख्या गावांपर्यंत येते. मुळशी-मावळ हे भाताचं खोरं. शेतमाल बाजार समितीत गेला की शेतकऱ्याला हिशेबाची पट्टी मिळते. वर मालाची किंमत, खाली वजावटी: हमाली, तोलाई, गाडीभाडं. शेतकरी पट्टी खालून वर वाचतो. त्याला हमाली ही आपल्या पैशांतून गेलेली रक्कम दिसते आणि तो वैतागतो. ‘सगळे मिळून शेतकऱ्याला लुटतात,’ या वाक्यात हमालही येतो.

पण ती हमाली घेणारा कोण असतो? बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या गावचा शेतकरीच. साताऱ्याच्या डोंगरातला, नगरच्या किंवा मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यातला. एखाद्या दुष्काळात जमिनीने जेवायला घातलं नाही म्हणून शहरात आलेला. पट्टीच्या वरच्या ओळीत एक शेतकरी आहे आणि खालच्या ओळीतही. दोघांमध्ये भांडण लागलं की मधला नफा कोणी मोजत नाही.

आमच्या भागात या शब्दांना अलीकडे आणखी एक डाग लागला. माथाडी कायद्याच्या नावाखाली टोळ्या करून कारखान्यांकडून पैसे उकळण्याचे प्रकार पुण्याभोवतीच्या औद्योगिक पट्ट्यांत झाले. ओझं न उचलता हमाली मागायची. सरकारने २०२३ मध्ये कायदा बदलण्याचं विधेयक आणलं. खंडणीखोर आवरायच्या नावाखाली खऱ्या कामगाराचं संरक्षण जाईल, असं म्हणत माथाडी संघटनांनी विरोध केला. मुळशी म्हटलं की ज्यांना २०१८ चा तो प्रसिद्ध सिनेमाच आठवतो, त्यांना या बातम्या नवीन वाटणार नाहीत. पण खोटा माथाडी ही खऱ्या माथाडीच्या कमाईवरची चोरी आहे, हे मात्र बातमीत कमी येतं.

नाव बदलून काय होतं

२०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात जाहीर झालं की स्थानकावरच्या कुलींना यापुढे ‘सहायक’ म्हणायचं. हेतू चांगला होता. पण बॅग तेवढीच जड राहिली, आणि प्रवासी अजून ‘कुली’ अशीच हाक मारतात. रोमानियात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. नवं नाव आलं, जुन्याची शिवी झाली.

मराठीत हमाल शब्द संघटनेच्या पाटीवर गेला, कायद्याच्या नावात गेला. २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयांच्या भरतीची जाहिरात निघाली, त्यात पद होतं ‘शिपाई/हमाल’. सरकारी नोकरी, वेतनश्रेणी, सगळं. त्याच शब्दावर १९८९ मध्ये ‘हमाल दे धमाल’ नावाचा सिनेमा आला आणि लोक हसत थिएटरात गेले. तरीही कोणाला ‘हमालासारखा’ म्हटलं तर तो अजून दुखावतो. म्हणजे शब्दाचं काम पूर्ण झालेलं नाही. पण ज्याला हमाल म्हणतात, त्याला नोंदणी क्रमांक, ठरलेला दर आणि हलकं पोतं मिळण्याची वाट त्या शब्दासोबत तयार झाली. रोमानियन हमालाला त्याच्या शब्दासोबत हे मिळालं नाही.

आता उलट बाजूने बघा. तुमच्या दारात वीस मिनिटांत पार्सल आणणाऱ्याला ‘डिलिव्हरी पार्टनर’ म्हणतात. पार्टनर म्हणजे भागीदार. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, पाऊस त्याचा, खड्डाही त्याचाच. नफ्यात मात्र भाग नाही. त्यालाही एक मालक नाही, सकाळी एक अ‍ॅप आणि संध्याकाळी दुसरं. १९६९ मध्ये हमालासाठी सोडवलेला प्रश्न हाच होता. त्या पोराला गोड नाव मिळालं आहे, मंडळ मिळालेलं नाही.

म्हणून हिंजवडीतल्या मित्राने ‘आज नुसती हमाली केली’ म्हटलं की मी त्याला शब्द वापरू नको म्हणत नाही. खुशाल वापर. रोमानियातले आणि ग्रीसमधले लोकही वापरतात. फक्त हमालीचा मराठीतला दुसरा अर्थही सोबत घे: काम झालं की त्याचा दर ठरलेला असतो आणि तो मोजून घ्यायचा असतो. रात्री दहापर्यंतच्या त्या जादा तासांचा दर तुझ्या पगारपत्रकात कुठल्या ओळीत आहे, ते एकदा बघ.